वाट बघायलाही तास लागायचे

मी तास विकायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी बारामतीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होते. नेमणुकीच्या कागदावर माझ्या पदाचं नाव बरंच भारदस्त होतं, पण गिऱ्हाइकं मला 'नेटवाल्या ताई' म्हणायची आणि मलाही तेच बरं वाटायचं. नेटची जोडणी विकायची, लुनावरून घरी जाऊन ती बसवायची आणि मग महिनाभर लोकांची बोलणी खायची, असं कामाचं एकंदर स्वरूप होतं. त्यातला तिसरा भाग सगळ्यात मोठा होता.

आता हे तास विकणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आज घरच्या नेटला मर्यादा असली तर ती जीबीत असते, म्हणजे किती माल आत आला आणि बाहेर गेला त्यावर. तेव्हा ती तासांत असायची. पुण्याच्या एका कंपनीचा पॅक आम्ही विकायचो, महिन्याला पंचवीस तासांचा. महिना संपला की उरलेले तास बाद. महिना संपण्याआधीच तास संपले तर पहिली तारीख उजाडेपर्यंत गप्प बसायचं, मध्येच भर घालायची सोय त्या पॅकात नव्हती.

हे तास मोजले कसे जायचे, हे लोकांच्या गळी उतरवणं हीच माझी खरी नोकरी. घरच्या फोनच्या तारेला मोडेम नावाची एक डबी जोडलेली असायची. कॉम्प्युटरने नंबर लावला की ती डबी चिरकायची, घरघरायची, शिट्ट्या मारायची आणि एकदम शांत व्हायची. शांत झाली की नेट लागलं आणि घड्याळ सुरू झालं. त्यानंतर तुम्ही पत्र पाठवा, क्रिकेटचा स्कोअर बघा, नाहीतर उठून भाकरी खायला जा, घड्याळाला त्याचं काही देणंघेणं नसायचं. तार जोडलेली आहे ना, मग तास चालू. आणि तेवढा सगळा वेळ घरचा फोन बाहेरच्यांना एंगेज लागायचा.

म्हणून मी प्रत्येक घरात एक मंत्र देऊन यायची. लावा, पाठवा, तोडा. पत्र आधी निवांत लिहून ठेवा, मग नेट लावा, पाठवून द्या आणि लगेच तोडा. कुणाशी चॅट करायचं असेल तर आधी त्याला फोन करा, 'मी आता बसतोय' म्हणून सांगा आणि मगच लावा. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली दोन इवलेसे कॉम्प्युटर दिसतात, ते दिसतायत तोवर तास जातायत. एवढं सगळं मी पोपटासारखं म्हणायची. माना सगळे डोलवायचे, आणि करायचे ज्याला जे वाटेल तेच.

अंथुर्ण्याला एक द्राक्षबागाईतदार होते. त्यांना सगळे नाना म्हणायचे. महिनाअखेर आली की ते सकाळी नेट लावायचे आणि सरळ बागेत निघून जायचे. दिवसभर कॉम्प्युटर एकटाच खोलीत बसलेला. का, तर तास उरले होते.

"नाना, कुणी वापरत नाही तर चालू कशाला ठेवता?"

"आवो ताई, कॅनॉलला पानी आलं, आपली पाळी लागली, तर रान भिजलेलं आसलं तरी आपुन पाळी सोडतो व्हय? एकदा सोडली की गेली."

"पण नेट चालू ठेवून रान भिजत नाही ना!"

"न्हाय भिजलं तर न्हाय. पर कंपनीला फुकट का सोडायचं?"

याचं उत्तर नानांना मिळालं ते पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून. ऐन तोडणीत तो दिवसभर नानांना फोन लावत होता आणि फोन दिवसभर एंगेज होता. शेवटी त्याने शेजारच्या बागेचा सौदा केला. त्यानंतर नाना नेट तोडायला शिकले, आणि वर गावभर मलाच नावं ठेवत हिंडले.

दुसरं एक गिऱ्हाईक बारामती एमआयडीसीत होतं, यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. तिथे नेटची कटकट कधीच नव्हती, पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. आत यंत्रांचा इतका गलका की फोनची घंटा कुणाला ऐकू यायची नाही. तिथले इलेक्ट्रिशियन मुलाणीभाई यांनी फोनच्या तारेवर एक लहानसा लाल दिवा बसवला होता. रिंग आली की दिवा लुकलुकायचा आणि कुणीतरी हात पुसत पळायचं. मी तिथे गेले की तो दिवा पेटायची उगाचच वाट बघायची.

आणि आता कळंबच्या तात्यांबद्दल.

तात्या म्हणजे बनसोडे तात्या, निवृत्त पोस्टमन. सायकलवरून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जन्मभर टपाल वाटलेलं. निवृत्तीनंतर थोडी शेती बघायचे. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने घरी कॉम्प्युटर आणून दिला आणि आमच्याकडून नेट घेतलं. ते घेतलं होतं धाकट्या बहिणीसाठी, वैशालीसाठी. वैशालीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पुण्याच्या मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत ती शिकली, तिथेच पुढच्या वर्गात मिलिंद होता. तोही तिच्यासारखाच. आता तो कोल्हापूरला एका छापखान्यात कामाला होता. दोन्ही घरांनी रीतसर बघून, विचारून त्यांचा साखरपुडा केला होता आणि लग्न उन्हाळ्यात धरलं होतं. तोवर ही दोघं एकमेकांशी बोलणार कशी? फोनचा त्यांना उपयोग शून्य. म्हणून चॅट. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं. मिलिंद ड्यूटी सुटली की कोल्हापुरातल्या नेट कॅफेत जाऊन बसायचा आणि वैशाली इकडे कळंबला घरी.

मी जोडणी बसवून आले तेव्हा सगळं झकास होतं. तीनचार महिन्यांनी एक दिवस तात्या दुकानात आले. त्यांनी फडक्यात बांधलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. सोडून बघते तर मोडेम.

"ही घ्या तुमची डबी. आमाला नगं."

"काय झालं, तात्या?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय? दर महिन्याला निम्म्यातच तास संपत्यात. मग पोरगी तोंड पाडून बसती. पंचवीस तास बोलायचं तरी काय आसतं, ताई? आमी लग्नाआधी पंचवीस शब्द बोललो न्हाय!"

मला हसू येत होतं, पण तात्यांचा चेहरा बघून आवरलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं ते जाईपर्यंत ते थांबले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "काल कोल्लापुरास्नं सोयऱ्यांचा निरोप आला. पोराचा थोरला भाव म्हणतो, तुमाला फोन लावावा तर सारखा एंगेज. नि पोरगी नेटवर निम्मा निम्मा महिना गायब. मनात नसंल तर सरळ सांगा, आमी दुसरीकडं बघतो."

"अहो, पण वैशालीच्या मनात आहे ना?"

"त्येच तर कळंना. त्यांनी पोराला इचारलं तर त्यो म्हणतो, माझं नि तिचं महिन्यात चारपाच तासाच्या वर बोलनं होत न्हाय. मग ताई..." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मग बाकीचं तास ती कुणासंगं बोलतीया?"

म्हणजे हे दुखणं होतं. मुलीवर संशय घ्यायचा नव्हता आणि घेतल्यावाचून राहवत नव्हतं. आणि घरात विचारायचं तर खाणाखुणांनी असलं विचारणार कसं, आणि लिहून विचारायला बापाचा हात उठणार कसा? मी मोडेम पुन्हा फडक्यात बांधला आणि म्हटलं, "तात्या, हा घरी न्या आणि होता तसा जोडा. पहिली तारीख उलटली की मी कळंबला येते. तोवर मुलीला काही बोलू नका."

पुढच्या महिन्यात तास सुरू झाल्यावर एका दुपारी मी न कळवता गेले. तात्या रानात होते. वैशालीची आई, म्हणजे काकू, ओसरीवर होत्या, त्यांनी मला आत बोट दाखवलं.

"बसलीया बगा, त्येच्याम्होरं. जेवान झालं की जी बसती ती तितंच."

खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर खुर्चीत वैशाली. मांडीवर सूप, सुपात भुईमुगाच्या शेंगा. ती शेंगा फोडत होती. एक शेंग फोडायची, दाणे सुपात टाकायचे आणि मान वर करून स्क्रीनकडे बघायचं. पुन्हा शेंग, पुन्हा स्क्रीन. स्क्रीनच्या कोपऱ्यात ते दोन इवलेसे कॉम्प्युटर लुकलुकत होते, म्हणजे तास चालू होते. चॅटची खिडकी उघडी होती आणि रिकामी होती. त्यात मिलिंदचं नाव होतं, पण फिकट. तो आलेलाच नव्हता.

मी तिच्या खांद्याला हात लावला. ती दचकली, मग ओळखून हसली आणि उठून मला खुर्ची दिली. मी कोरं पान उघडून त्यावर टाइप केलं, "कुणाशी बोलतेस?"

तिने उभ्याउभ्याच टाइप केलं, "कुणाशीच नाही. वाट बघते."

मग तिने सगळं सांगितलं. ती भराभर टाइप करायची, माझ्यापेक्षा कितीतरी भराभर. मिलिंदच्या सुटण्याची वेळ ठरलेली नव्हती. छपाईचं काम जास्त असलं की उशीर, वीज गेली की लवकर सुट्टी. कॅफेत गेला तरी कॉम्प्युटर रिकामा मिळेलच असं नाही. इकडे कळंबलाही वीज कधी जाईल सांगता यायचं नाही. वेळ ठरवून दोघांनी बघितली होती. दोनदा असं झालं की तो आला आणि ती नव्हती. बसला थोडा वेळ आणि उठून गेला. त्याला वाटलं ही रागावली, हिला वाटलं तो रागावला. तेव्हापासून वीज असेल त्या दुपारी ती नेट लावायची आणि तो येईपर्यंत, नाहीतर दिवेलागणीपर्यंत चालूच ठेवायची.

शेवटी तिने लिहिलं, "तुम्ही फोन करून सांगता, आता बसते. मी कसं सांगू?"

मला फार वाईट वाटलं. बारामतीपासून इंदापूरपर्यंत मी घरोघरी तो मंत्र दिला होता, आधी फोन करा, मग लावा. ज्याला फोन ऐकूच येत नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता आणि पुण्याच्या कंपनीच्या पुस्तिकेतही तो नव्हता.

मी तिला समजावलं की घड्याळ बोलणं मोजत नाही, जोडणी मोजते. चॅटची खिडकी रिकामी असली तरी तास जातात. तिने ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"वाट बघण्याचेही?"

"हो."

मग तिने लिहिलं, "मग आम्ही तर अजून बोललोच नाही."

तिने कोपऱ्यातल्या त्या दोन कॉम्प्युटरांवर जाऊन नेट तोडलं आणि खाली बसून पुन्हा सूप मांडीवर घेतलं. रडली नाही. मला मात्र उठून ओसरीवर यावं लागलं.

तात्या रानातून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते पायरीवर बसले.

"म्हंजी ती कुणासंगं बोलत नव्हती?"

"नाही. मिलिंदची वाट बघत होती. तेवढ्यातच तास संपायचे. आणि तेवढा वेळ फोन एंगेज, म्हणून सोयऱ्यांना तुमचा फोन लागत नव्हता."

तात्या जमिनीकडे बघत म्हणाले, "जलमभर वाट बघनारी मानसं बघितली मी. लांबनं सायकल दिसली की दारात येऊन हुबी ऱ्हायची. माझ्या पिशवीत त्यांचं काय नसलं की मान खाली घालून म्होरं जायाचो. आन माझ्या घरातलीच मला दिसली न्हाय बगा."

काकूंनी आतून चहा आणला. चहा पिताना मला एमआयडीसीतला लाल दिवा आठवला.

दुसऱ्याच दिवशी मी मुलाणीभाईंना गाठलं. काम काय आणि कुणासाठी ते सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बेटी बसते कुठं?" आणि रविवारी स्वतः माझ्या लुनावर मागे बसून कळंबला आले. दिवा त्यांनी वैशालीच्या खुर्चीसमोर न बसवता खोलीच्या दारावर बसवला, म्हणजे ओसरीवरूनही दिसावा आणि चुलीपासूनही. काकूंना लाल रंग नको होता, लाल म्हणजे धोका. मग मुलाणीभाईंनी दिव्याला पिवळ्या कागदाची टोपी घातली.

बेत साधा होता. कोल्हापुरात कॅफेशेजारी एसटीडी बूथ होतं. मिलिंदने कॅफेत जागा पक्की करायची, मग बूथवाल्याला कळंबचा नंबर दाखवायचा. बूथवाल्याने दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचं. फोन उचललाच नाही तर त्याचे पैसे पडायचे नाहीत. दोनदा दिवा लागून थांबला की तो मिलिंद, मग वैशालीने नेट लावायचं. तोवर तार मोकळी, फोन मोकळा आणि घड्याळ बंद. हे मिलिंदला कळवणारी मेल वैशालीने, घरचे तास वाचावेत म्हणून, दुकानात येऊन आमच्या जोडणीवरून पाठवली. तात्यांनी दुकानातूनच सोयऱ्यांना फोन लावला. इकडचं तिकडचं काही न बोलता ते म्हणाले, "आमच्या पोरीच्या मनात हाय. ती दुसऱ्या कुणासंगं बोलत नव्हती. तुमच्याच पोराची वाट बघत हुती." तिकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. पण फोन ठेवल्यावर तात्यांनी टोपीनेच डोळे पुसले आणि मला म्हणाले, "पंख्याची धूळ लई हाय तुमच्या दुकानात."

एकच अडचण होती, तात्या. त्या काळी खेड्यात फोन वाजला की पहिल्या रिंगेलाच उचलायचा, अशी सगळ्यांची सवय. उशीर केला तर समोरचा काय म्हणेल? आता तात्यांना तिसऱ्या रिंगेपर्यंत कळ काढायची होती. पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबले. तात्या फोनजवळ, काकू तात्यांजवळ आणि वैशाली कॉम्प्युटरसमोर, पण नेट न लावता. सगळ्यांच्या नजरा पिवळ्या कागदावर. रिंग आली, दिवा लागला आणि तात्यांचा हात सुटलाच. काकूंनी तो चटकन दाबून धरला.

"अगं, वाजतोय की!"

"वाजू द्या! तुमच्यासाठी न्हाय त्यो."

दुसरी रिंग झाली आणि फोन थांबला. आम्ही वळून बघेपर्यंत वैशालीने नंबर लावला होता. डबी चिरकली, घरघरली, शिट्ट्या मारल्या. तो आवाज मी हजारदा ऐकला होता आणि दर वेळी कानांवर हात ठेवावेसे वाटले होते. त्या संध्याकाळी मला तो गोड वाटला, काकूंनाही वाटला असावा. जिच्यासाठी तो चालला होता तिला तेवढा तो ऐकू येत नव्हता. तिच्या खिडकीत मिलिंदचं नाव फिकटाचं ठळक झालं आणि ती आम्हाला विसरली.

महिनाअखेरीस तात्यांचा फोन आला. "ताई, तास उरल्यात की! वाया जात्याल, काय करू?" मी म्हटलं, "अंथुर्ण्याच्या नानांना विचारा."

हे काम मी पुढे थोडीच वर्षं केलं. तास गेले, जीबी आले आणि मोडेम भंगारात गेला. आता जोडणी चोवीस तास चालूच असते, नुसतं वाट बघत बसलं तर जवळजवळ काही मोजलं जात नाही. हे मला फार मोठं सुख वाटतं आणि त्याची किंमत माझ्याखेरीज कुणाला कळत नाही, म्हणून चिडचिडही होते. एक खंत मात्र आहे. वैशाली दर वेळी माझ्यासाठी लिहायची. तिच्या खुणांची भाषा चार शब्दांपुरतीही मी शिकले नाही, आणि शिकायला हवी होती.

ते लग्न ठरल्याप्रमाणे उन्हाळ्यात झालं. त्यानंतर काही दिवसांनी तात्या जोडणी बंद करायला दुकानात आले, बरोबर वैशाली आणि मिलिंद. तात्यांनी मोडेम काउंटरवर ठेवला, तशाच फडक्यात बांधलेला. वैशालीच्या पिशवीत तो पिवळ्या टोपीचा दिवा होता. तिने माझ्याकडून कागद मागून घेतला आणि लिहिलं, "हा दाराच्या घंटेला बसेल का? आमच्या कोल्हापूरच्या घरात."

मी लिहिलं, "बसेल. मुलाणीभाईंना विचारून सांगते."

तिने तो कागद मिलिंदला दाखवला आणि दोघांचं काहीतरी सुरू झालं. बहुधा दिवा कुठे लावायचा यावरून. दोघांचे हात भराभर चालत होते. ती रागावली, त्याने समजावलं, मग तो रागावला आणि ती हसायला लागली. दुपारची दुकान बंद करायची वेळ झाली होती. आमच्या मालकांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि मला नजरेने विचारलं, किती वेळ? माझी नजर सवयीने कॉम्प्युटरच्या कोपऱ्याकडे गेली, ते दोन इवलेसे कॉम्प्युटर दिसतायत का बघायला. कॉम्प्युटर बंद होता, स्क्रीन काळी होती.

"थांबा की वाईच, मालक," तात्या म्हणाले. "बोलत्यात ती."

मालकांनी शटर तसंच हातात धरून ठेवलं आणि आम्ही तिघं गप्प उभे राहिलो.